कढीपत्त्यावरची माशी

ठाकूरद्वार, २४ सप्टेंबर २०२४

चि. उर्वी,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी राग ऐकून घे. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तू "हो मावशी, हो मावशी" करत पळ काढतेस. कागदावरून पळता येत नाही. शिवाय सोबत फोटो पाठवायचे होते. शेजारच्या दर्शनाने मोबाइलवर काढले आणि मी स्टुडिओतून छापून आणले.

आमच्या चाफेवाडीच्या रहिवासी संघाने, म्हणजे एकट्या जयवंत परबने, ठराव मांडलाय. गॅलरीतल्या सगळ्या कुंड्या हटवायच्या. कारण काय, तर त्याची बायको मालन कपडे वाळत घालत होती आणि तिच्या मनगटाला काहीतरी चावलं. हात कोपरापर्यंत सुजला बिचारीचा, मीच बर्फ नेऊन दिला. काय चावलं म्हटलं, तर म्हणाली, माशीसारखं काहीतरी होतं. जयवंतने मान वर केली तर वर माझा कढीपत्ता, आणि त्यावर एक माशी बसते हे मीच वाडीभर सांगितलेलं. झाला पंचनामा. ना साक्ष, ना पुरावा, आरोपी जागेवर हजर.

ती माशी मला जुलैपासून ठाऊक आहे, उर्वी. तांदळाच्या दाण्याहून थोडी लांब, रंगाने करडी, शेपटीकडे निमुळती. डोळे एवढे मोठे की त्यांच्यामध्ये कपाळाला खळगा पडलाय, आणि तोंडावर चक्क मिशा. कढीपत्त्याची एक वाळकी काडी मी मुद्दाम छाटली नाही, तिच्या टोकावर ती उन्हाकडे तोंड करून बसते; बाकीच्या कुंड्यांवर तिच्यासारख्या आणखी काही असतात. समोरून चिलट गेलं की झेप घेते, हवेतच पकडते आणि परत त्याच काडीवर येऊन बसते. मग निवांत चोखते. संपलं की रिकामं टरफल खाली टाकते आणि सकाळी मी ते झाडूने गोळा करते. इतका वेळ मी तिच्याजवळ उभी असते, मला कधी शिवली नाही. जन्मभर मुलांना चित्रकला शिकवली मी. बघायचं कसं, हे मला जयवंत परबने शिकवू नये.

या कुंड्या गेल्या तर मी काय करू, हे सरळच सांगते. दोन खोल्या आणि चहूकडे भिंती. तुझे काका गेल्यापासून सकाळी उठून बघायला माझ्याकडे तेवढंच आहे. दसऱ्यानंतर सभा आहे. तू कीटकांच्या संस्थेत एवढी मोठी बाई, तर ही माशी कोण, चावते की नाही, ते संस्थेच्या कागदावर लिहून पाठव. मी फळ्यावर लावते.

मावशी


पुणे, १ ऑक्टोबर २०२४

प्रिय मावशी,

आशीर्वाद शेवटी देईन म्हणालीस आणि विसरलीस. असो, राग पूर्ण मिळाला.

तुझी माशी म्हणजे रॉबर फ्लाय. मी मराठीत दरोडेखोर माशी म्हणते. दबा धरून बसते आणि वाटेवरच्याला लुटते, म्हणून. तू पाहिलंस ते सगळं बरोबर आहे. टोकावर बसणं, झेप, परत त्याच जागी येणं, चोखणं. आमच्याकडे येणाऱ्या मुलांना हे दिसायला वर्ष लागतं. मिशा उगाच नाहीत. पकडलेलं भक्ष्य तडफडताना डोळ्यांना इजा होऊ नये म्हणून त्या राठ केसांची ढाल असते. पोर असताना ती मातीत असते, अळीच्या रूपात, आणि तिथेही दुसऱ्या अळ्या मारून खाते. म्हणजे तुझ्या कुंड्या ही नुसती बसायची जागा नाही, तिचं घर आहे.

मालनकाकूंना ती चावलेली नाही. हात इतका सुजला म्हणजे गांधीलमाशी असणार. जवळपास पोळं आहे का ते बघायला सांग.

फळ्यासाठी संस्थेच्या कागदावर वेगळं लिहिलंय. तीन वाक्यं आहेत, जशीच्या तशी लाव: "ही माशी चिलटं, डास, तुडतुडे असे लहान कीटक हवेत पकडते. सोंडेने त्यांच्या अंगात विषारी लाळ सोडते आणि आतला रस शोषून घेते. माणसाच्या वाटेला ती जात नाही, मुठीत दाबून धरली तरच चावेल."

आता माझं काम. या गटातल्या बारक्या माश्या एकमेकींसारख्या दिसतात, नेमकी जात फोटोवरून सांगता येत नाही. नराच्या शेपटीच्या टोकाला चिमट्यासारखा अवयव असतो, तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. मुंबईच्या ऐन वस्तीतली ही माशी कोणी नीट नोंदवलेली मला तरी सापडली नाही. मादीची शेपटी टोकदार असते, नराची बोथट. एखादा नर मिळाला तर पेल्याखाली धर, डबीत घाल आणि रात्रभर बर्फाच्या कप्प्यात ठेव. मग कुरिअरने पाठव.

तुझी,
उर्वी


ठाकूरद्वार, ७ ऑक्टोबर २०२४

चि. उर्वी,

पत्र वाचून आधी आनंद झाला आणि शेवटच्या परिच्छेदाला अंगाचा तिळपापड झाला. मी तुला लिहिलं ते तिला वाचवायला, आणि तू मला सांगतेस बर्फाच्या कप्प्यात घाल. तिथे माझ्या वाटाण्यांशेजारी तिला गोठवू? ओळख पटवायची ही कुठली रीत? आधार कार्डाला बोटाचे ठसे घेतात, बोट कापून नेत नाहीत.

मी तुझ्या कामाला नावं ठेवत नाही. तुमच्या कपाटातून टाचण्यांना टोचलेल्या हजारो माश्या असतील आणि त्यातून जगाचं कल्याणही होत असेल. पण ज्या काडीवर ती बसते ती काडी मी जपली आहे. तिथून तिला उचलून मारायला माझा हात धजायचा नाही. जयवंत तिला फवाऱ्याने मारणार आणि तू थंडीने. तिच्या दृष्टीने फरक काय, ते मला एकदा समजावून सांग.

फळ्याचं काम मात्र झकास झालं. तुला माहीतच आहे, वाडीच्या तोंडाशी जो काळा फळा आहे तो रोज मीच लिहिते. पाण्याची वेळ, कोणाचं काय झालं, सणाचे कार्यक्रम. तुझा कागद नुसता चिकटवला असता तर कोणी ढुंकून पाहिलं नसतं, म्हणून सगळा फळा पुसून रंगीत खडूने मांडलं. आल्यागेल्याचे पाय थांबले. दूधवालासुद्धा वाचत उभा होता. जयवंत तर वाचून तडक वर निघून गेला. आता सभेत त्याच्या तोंडून काय निघतं तेच बघते.

मावशी

(आशीर्वाद आज मुद्दाम देत नाही.)


चाफेवाडी रहिवासी संघ
ठाकूरद्वार, १७ ऑक्टोबर २०२४

मा. उर्वी मॅडम,

आपली-माझी ओळख नाही. आपल्या मावशी, वासंतीकाकू, यांच्याकडे आपलं नाव नेहमी ऐकतो. संस्थेचा पत्ता त्यांच्या शेजारच्या दर्शनाकडून घेतला. अधिक लांबण न लावता लिहितो, कारण मनात राग आहे आणि तो लपवून लिहिणं मला जमत नाही.

माझ्या बायकोचा हात आठवडाभर कामाचा नव्हता. त्यानंतर आपल्या संस्थेच्या नावाने आमच्या फळ्यावर जे लागलं त्याचा फोटो सोबत जोडला आहे. "दरोडेखोर माशी" हे शीर्षक. खाली फूट-दीड फूट लांबीची माशी, मिशा, काटेरी पाय आणि भाल्यासारखी सोंड. त्याखाली, "सोंडेने विषारी लाळ सोडते आणि आतला रस शोषून घेते." हे आपणच लिहिलंत ना? मग मी काय समजायचं होतं? वाडीतल्या आयांनी पोरांना खाली पाठवणं बंद केलं. मालन गॅलरीत पाऊल टाकत नव्हती. मी गिरणी कामगाराचा मुलगा आहे, मॅडम, आपल्याएवढा शिकलेलो नाही. पण विष हा शब्द मला वाचता येतो. आपण शिकलेल्या लोकांनी असं लिहून मोकळं व्हायचं आणि इथे निस्तरायचं आम्ही.

सभेची वाट न बघता कमिटीने सोमवारी सर्व गॅलऱ्यांत औषध फवारून घेतलं. फवारणीवाल्यांनी पाण्याच्या टाकीमागचं गांधीलमाश्यांचं एक पोळंही काढलं, ते वेगळं. काल सभा झाली. दिवाळीच्या आत सर्व कुंड्या हटवण्याचा ठराव पास झाला. काकू सभेतून उठून गेल्या. त्यांना दुखवायचं मनात नव्हतं. लहानपणी मी त्यांच्याकडेच चित्रकलेच्या परीक्षेला बसलो होतो. त्या माझ्याशी बोलत नाहीत, म्हणून आपल्याला लिहिलं.

आपला,
जयवंत परब, सचिव


पुणे, २१ ऑक्टोबर २०२४

मावशी,

परबांचं पत्र आलं, फळ्याच्या फोटोसकट. चित्र सुंदर आहे. पायावरचा एकेक काटा जागच्या जागी आहे. आणि म्हणूनच माझा संताप आवरत नाहीये.

मी तीन वाक्यं लिहिली होती. तिसरं कुठे आहे? "माणसाच्या वाटेला जात नाही", हे एकच वाक्य वाडीला हवं होतं आणि तेच एक तू गाळलंस. पहिल्याचाही पत्ता नाही, म्हणजे ती डास खाते हेही कोणाला कळलं नाही. उरलं काय, तर विष. तांदळाच्या दाण्याएवढी माशी तू कावळ्याहून मोठी काढलीस आणि तिचं खरं माप कुठेही लिहिलं नाहीस. परबांच्या जागी मी असते तर मीही फवारलं असतं.

मला तू ऐकवलंस की मी आणि फवारा सारखेच. मी एक मागितली होती, मावशी. तुझ्या फळ्याने सगळ्या नेल्या.

परबांवरही मी चिडलेच आहे. टाकीमागे गांधीलमाश्यांचं पोळं सापडलं, ते काढलं, आणि "ते वेगळं" म्हणून लिहून मोकळे झाले. खरा चोर हाती लागला तरी शिक्षा भलत्यालाच. हे मी त्यांना स्वतंत्र कळवते आहे, संस्थेच्या कागदावर नव्हे, साध्या कागदावर.

उर्वी


ठाकूरद्वार, २७ ऑक्टोबर २०२४

चि. उर्वी,

सोबत कुंकवाचा करंडा आहे. जपून उघड, कापसात ठेवलंय. तुला एक हवी होती ना, गॅलरीत जेवढ्या पडल्या होत्या तेवढ्या सगळ्या वेचल्या आहेत. फवारणीवाले गेल्यावर त्या उठतील म्हणून मी दुपारभर स्टुलावर बसून होते. काडीवरची काडीखालीच पडली होती, पाय पोटाशी घेऊन.

तिसरं वाक्य का गाळलं ते विचारतेस. फळा संपला, असं मी दर्शनाला सांगितलं आणि तिला ते पटलंही, कारण चित्रालाच एवढी जागा गेली होती. पण तुला खोटं लिहिणार नाही. मला ते वाक्य लिहायचं नव्हतं. "घाबरू नका, चावत नाही", असं गल्लीतल्या कुत्र्याबद्दल सांगतात. एवढी रुबाबदार शिकारी ती, आणि मी तिच्यासाठी वाडीपुढे हात जोडायचे? लोकांनी तिचा मान ठेवावा असं मला वाटत होतं. मान म्हटलं की मी चित्र मोठं काढते, ही सवयच. माप लिहायचं डोक्यातच आलं नाही. मला वाटलं, दिसतेच की सगळ्यांना. मला दिसते तर इतरांना का दिसू नये? इथे मी चुकले. तुझा राग बरोबर आहे.

पण जयवंतला मी माफ केलेलं नाही, हेही लिहून ठेव. माझ्या हाताखाली सावली-उजेड शिकला आणि समोरच्या काडीवरचा जीव त्याला दिसला नाही. वर येऊन एकदा विचारलं असतं तर बोट करून दाखवली असती. एक जिना चढला नाही तो.

कुंड्या मी घरात घेतल्या आहेत. गॅलरी संघाची, खोली माझी. कढीपत्ता पलंगाच्या पायथ्याशी आहे, अडुळसा खिडकीत, तुळस ओट्यावर. दर्शना म्हणते मावशी, झोपणार कुठे. म्हटलं, झाडांच्या मध्ये.

फळा लिहायचं मी सोडलंय. आता पाण्याची वेळ कोणाला कळत नाही, बादल्या घेऊन सगळे एकमेकांना विचारत फिरतात. फिरू देत.

मावशी


पुणे, १२ नोव्हेंबर २०२४

प्रिय मावशी,

करंडा मिळाला. उघडला, कापूस बाजूला केला. काडीखालची मी ओळखली असं वाटलं, खरं तर ओळखण्यासारखं काही नव्हतं.

सगळ्या पाहिल्या. सगळ्या माद्या आहेत, नर एकही नाही. म्हणजे गट कळला, कूळ कळलं, नेमकी जात नाही. एवढ्या मेल्या आणि तरी नाव मिळालं नाही. मला याचाच राग येतोय आणि तो कोणावर काढायचा ते कळत नाही. तू म्हणालीस फरक काय; त्याचं उत्तर माझ्याकडे होतं. आत्ता करंडा समोर असताना ते देववत नाही.

पण एक गोष्ट नीट वाच. फवारा पानांवर बसला. त्या माद्या जुलैपासून तुझ्याकडे होत्या, तेव्हा त्यांनी अंडी घातली असतील तर अळ्या आत्ता कुंड्यांच्या मातीत असतील. माती बदलू नकोस, उकरू नकोस, खत घालू नकोस. ओलसर ठेव, चिखल करू नकोस. काही निघेलच असं वचन देत नाही. निघालं तर पुढच्या पावसाळ्यात.

आणि फळा लिही गं. बादल्यांचा काय गुन्हा?

उर्वी


ठाकूरद्वार, १० सप्टेंबर २०२५

चि. उर्वी,

मधल्या फोनवर मी तुला मुद्दाम काही बोलले नाही. पक्कं झाल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

वर्षभर खोलीत चालायला जागा नव्हती. पाणी घालायचं आणि मातीकडे बघत बसायचं. वाडीत मला वेडी ठरवून झालं. मे महिन्यात टाकीमागे नवं पोळं झालं आणि मालनला पुन्हा चावलं, या खेपेला मानेवर. तेव्हा गॅलरीत ना कुंडी होती ना माझी माशी. जयवंत तुझं साध्या कागदावरचं पत्र हातात घेऊन दारात आला. म्हणाला, "काकू, यात लिहिलेलं मला तेव्हा पटलं नव्हतं." मी दार लावून घेतलं. अजून माझा राग उतरला नव्हता.

गणपती बसले त्याच आठवड्यात, सकाळी खिडकीच्या दांडीवर माझा टॉवेल वाळत होता, त्याच्या शेजारी ती बसलेली दिसली. तीच बसण्याची ढब, तोंड उन्हाकडे. मिशा. मी जागची हलले नाही. मग शेपटी पाहिली, तर टोक बोथट, चिमट्यासारखं. उर्वी, तो नर होता.

दर्शनाला हाक मारली. तिने काचेचा पेला आणून दिला आणि मी तो त्याच्यावर अलगद ठेवला, पुस्तकाचा पुठ्ठा खाली सरकवला. झालं. तुला हवं होतं ते नाव माझ्या हातात होतं. डबी होती, बर्फाचा कप्पाही होता, आणि तुझा करंड्याबद्दलचा तो कागद मी किती वेळा वाचलाय ते मलाच ठाऊक. तेवढ्यात जयवंत आला, आरतीच्या वेळा फळ्यावर लिहा म्हणून परत एकदा विनवायला. पेल्यात वाकून पाहत राहिला. डोळ्यांना चष्मा लावून परत पाहिलं.

मग मला म्हणाला, "काकू, एवढीशी?"

एवढंच. वर्षभर मी त्याला काय काय सुनवायचं ते ठरवून ठेवलं होतं, ते सगळं त्या एका शब्दाने निकामी झालं. एवढीशी. हे मी त्याला सांगायला हवं होतं, फूटभर चित्र न काढता.

दर्शनाने पेल्यातूनच शेपटीचे फोटो काढले, या खेपेला तिच्या मोबाइलवर चिकटवायचं भिंग होतं. सोबत आहेत, त्यावर भागव. भागणार नाही हे मला माहीत आहे आणि तू चिडशील हेही. चीड. पेला मी खिडकीबाहेर उघडला. तो आपला आपण मेला की काडीखालून उचलून पाठवीन. तोवर तुझ्या शास्त्राने थांबावं.

कढीपत्ता जयवंतने स्वतः उचलून गॅलरीत ठेवला, बाकीच्या कुंड्या दुसऱ्या दिवशी. ठरावाचं विचारलं तर म्हणाला, पुढच्या सभेत बघू. नर दोन दिवसांनी त्याच वाळक्या काडीवर दिसला, चिलट चोखत होता. काल आणखी एक दिसली, टोकदार शेपटीची.

विसर्जन झालं, कार्यक्रमांचा फळा रिकामा झाला, तेव्हा मी खडू हातात घेतला. सगळा फळा ओल्या फडक्याने पुसला आणि बरोबर मध्यभागी माशी काढली, खऱ्या मापाची. पांढऱ्या खडूला टोक काढून काढून एवढी बारीक रेघ आयुष्यात ओढली नसेल. लोक लांबून बघतात, काही दिसत नाही, मग नाक लागेपर्यंत फळ्याजवळ येतात. मालनही आली. किती तरी वेळ वाकून पाहत होती.

खाली तुझं तिसरं वाक्य जसंच्या तसं लिहिलंय. त्याखाली:

"नाव: अजून कळलेलं नाही. पत्ता: दुसरा मजला, चाफेवाडी, ठाकूरद्वार, मुंबई."

अनेक आशीर्वाद, मागचे राहिलेलेही यातच धर.

मावशी